डाव्या हातानं दिलेला पाव

मी फ्रान्सला कधी गेलेलो नाही. तरीही तिथल्या एका रेल्वे स्टेशनाच्या दर्शनी भिंतीची मापं मला आमच्या शारजातल्या फ्लॅटपेक्षा जास्त पाठ आहेत. फ्लॅटमध्ये कपाट कुठं मावेल हे बायको अजून टेप लावून बघते. स्टेशनाचा घड्याळाचा मनोरा मात्र मी डोळे मिटून काढून देईन, खिडक्यांसकट.

शहराचं नाव मेस. लिहितात मेट्झ, पण तसं म्हटलं की कन्सल्टंटच्या चेहऱ्यावर दाढ दुखल्यासारखं काहीतरी यायचं, म्हणून आम्ही मेस म्हणायला शिकलो. फ्रान्सच्या पूर्व टोकाला, जर्मनीच्या शेजारी आहे. तिथल्या स्टेशनाचा सगळा परिसर म्हणजे वास्तुकलेचा मोठा वारसा. आणि तो वारसा आमची कंपनी शारजा औद्योगिक क्षेत्रात, गिअरबॉक्सचं गॅरेज आणि गाद्यांचा कारखाना यांच्या मधल्या शेडमध्ये, चौरस मीटरच्या भावानं ओतत होती.

आम्ही जीआरसी करतो. म्हणजे सिमेंटमध्ये काचेचे धागे मिसळून केलेलं पातळ कवच. साच्यात फवारायचं, वाळवायचं, काढायचं आणि लोखंडी सांगाड्यावर नेऊन टांगायचं. लांबून दगड दिसतो. जवळ जाऊन बोटानं टकटक केलं तर रिकाम्या डब्याचा आवाज येतो. पण मॉलमध्ये भिंतीला टकटक कोण करतं?

दुबईबाहेर, अल ऐनच्या रस्त्याला वाळू सपाट करून एक बिल्डर हे फ्रेंच स्टेशन उभारत होता. नुसतं स्टेशन नाही, समोरचा चौक, चौकाभोवतीचं पोस्ट ऑफिस, श्रीमंतांची घरं, शिखरासारखं छप्पर घातलेली पाण्याची टाकी, सगळं. रेल्वे तेवढी नव्हती. रूळसुद्धा नव्हते. जिथं फलाट यायचे तिथं तीन मजली पार्किंग होतं आणि तिकीटघराच्या जागी आइस्क्रीम. छपरं उतरती होती, बर्फ साठू नये म्हणून. बाहेर सेहेचाळीस डिग्री.

कन्सल्टंट इंग्रज होता, हेरिटेज एक्सपर्ट. पहिल्याच मीटिंगला त्यानं आम्हाला मूळ इमारतीचा इतिहास सांगितला, आणि खोटं कशाला बोलू, मला तो माणूस तेव्हा आवडला. सव्वाशे वर्षांपूर्वी ते शहर जर्मनांच्या ताब्यात होतं. त्यांनी जुना तट पाडला, मोकळ्या जागेत नवी वस्ती आखली आणि मधोमध हे स्टेशन बांधलं. प्रवाशांसाठी कमी, सैन्य पटापट गाडीत चढवायला जास्त. गावाचा जुना दगड पिवळा, म्हणून ह्यांनी मुद्दाम राखाडी वापरला. आणि इमारत नवीकोरी असताना तिला आठशे वर्षांपूर्वीच्या चर्चचं आणि राजवाड्याचं रूप दिलं, म्हणजे आम्ही इथले कायमचेच आहोत असं लोकांना वाटावं. अर्थात दहा वर्षांत जावं लागलं. कोपऱ्यावर एक दगडी सरदार उभा आहे. राज्य बदललं की त्याच्या ढालीवरची निशाणी बदलायची, सरदार तोच. आमच्या ऑफिसात असे चार जण आहेत, पण त्यांना कुणी वारसा म्हणत नाही.

तर मूळ इमारतच जुनेपणाचं सोंग होतं. आम्ही त्या सोंगाचं सोंग करत होतो. परंपरा म्हणतात ती हीच असावी.

मी तिथं सीनियर शॉप ड्रॉइंग इंजिनियर. हे पद मी पूर्ण उच्चारतो, कारण ते फुकट मिळालेलं नाही. माझे वडील फलटणच्या एसटी डेपोत टायर बदलायचे. आमच्या घराण्यात कॉलेजचं गेट आतून बघितलेला मी पहिला. डिग्रीचं सर्टिफिकेट मी फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. बायकोच्या मते तिथं घड्याळ शोभलं असतं. ती पुण्याची, तिच्या घरी आजोबासुद्धा बीए होते. अशा घरात डिग्री म्हणजे आधार कार्ड. आमच्याकडे ती सातबारा होती.

आर्किटेक्टचं चित्र आणि साचा यांच्यामधलं सगळं माझं. कुठला तुकडा किती लांब, कुठं जोड, कुठं खिळा. माझ्या ड्रॉइंगवर कन्सल्टंटचा शिक्का पडला की तो वेद. शेडमधल्या माणसानं त्यात बदल करायचा नाही. ही पद्धत चांगली आहे, मीच ती राबवत होतो.

आणि ती किती चांगली आहे याचा एक नमुना सांगतो. एका घराच्या फोटोत खालच्या भिंतीवर जुनी, सुंदर अक्षरं होती. आम्ही ती मापं घेऊन काढली, उठावाची अक्षरं, दोन सेंटीमीटर जाडी. शिक्का पडला. मी अभिमानानं घरी लॅपटॉपवर दाखवलं. मुलगी आठवीत, दुबईत ऊद मेथाच्या शाळेत फ्रेंच घेतलेली. ती चिप्स खाता खाता म्हणाली, “पप्पा, दॅट्स नॉट डेकोरेशन. इट सेज डोन्ट स्टिक पोस्टर्स हिअर.”

“नक्की?”

“इट्स लाइक, चॅप्टर फोर.”

दुसऱ्या दिवशी मी ती अक्षरं गुपचूप काढली आणि कन्सल्टंटला कळवलं की आमच्या संशोधनात असं आढळलं. त्यानं मेलमध्ये माझं कौतुक केलं. चॅप्टर फोरचा उल्लेख करायचं राहून गेलं.

आता मूळ गोष्टीवर येतो.

स्टेशनाच्या खानावळीच्या भागावर दगडी उठावशिल्पं आहेत. डावीकडच्या दारावर एक बाई प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातात पाव देतेय. बिल्डरला ते फार आवडलं. त्यानं ठरवलं की हे चित्र आपल्या बारा रेस्टॉरंटांच्या दारांवर लावायचं, सहा डावीकडे, सहा उजवीकडे. उजव्या दारावर मुळात काय आहे ते फोटोत दिसत नव्हतं, कारण फोटो काढले तेव्हा तिथं दुरुस्ती चालू होती आणि अख्ख्या बाजूवर परांची आणि हिरवी जाळी होती. कन्सल्टंटनं लिहिलं, ‘उजवी बाजू डावीप्रमाणे गृहीत धरावी.’

आमच्या धंद्यात ह्याला एक कमांड आहे, मिरर. अर्धी इमारत काढायची, मधली रेघ धरायची, बटण दाबायचं. उरलेली अर्धी आपोआप उगवते. गल्फमधली निम्मी शहरं ह्याच बटणानं उभी आहेत. मी बटण दाबलं, शिक्का मिळाला, ड्रॉइंग शेडमध्ये गेलं.

शेडमध्ये साचे करायचं काम एका पेणच्या माणसाकडे होतं. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, मी काका म्हणायचो, कारण मराठीत साठीच्या माणसाला उस्ताद म्हटलं की तबला आठवतो. पेणला गणपतीच्या मूर्ती करण्यात त्यांची पहिली वीस वर्षं गेली, पुढची वीस इथं. खांबाचं फूल असो की सिंहाचं तोंड, आधी मातीत ते करायचे, मग त्यावरून रबराचा साचा. दहावी नापास. हे ते स्वतःच सांगायचे, फारसं दुःख न करता.

एका दुपारी मला त्यांचा व्हॉट्सॲपवर आवाज आला. मी साइटवरून परत येत होतो, एमिरेट्स रोडवर गाडी मुंगीच्या चालीनं सरकत होती.

“साहेब, ती उजवीकडची बाई पाव डाव्या हातानं देतेय. आणि तो पण डाव्यानंच घेतोय. असंच पाहिजे का? माती ओली आहे तोवर सांगा.”

मी ऐकलं. नीट ऐकलं, हे महत्त्वाचं. आणि मला काय वाटलं तेही लिहितो, कारण लिहायचंच तर अर्धं कशाला. मला वाटलं, फ्रेंच लोकांचं शिल्प आहे, त्यांना डावं-उजवं काय! शिवाय शिक्का पडलेल्या ड्रॉइंगवर शेडमधून प्रश्न येतो म्हणजे काय? मी अंगठा पाठवला. तो पिवळा, वर केलेला. चार वर्षं इंजिनियरिंग करून मी दिलेलं लेखी उत्तर ते एवढंच.

सहाच्या सहा तुकडे ओतले गेले, वाळले, रंगाला गेले. रंग हा वेगळाच सोहळा होता. कन्सल्टंटला दगडावर वाफेच्या इंजिनाची काजळी हवी होती. त्यासाठी पेशावरचा एक रंगारी होता, स्प्रे-गन घेऊन तो दिवसाला शंभर वर्षांची काजळी मारायचा. नमुने तीन होते, थोडं जुनं, बरंच जुनं आणि फार जुनं. बिल्डरनं मधलं पसंत केलं.

मग एक दरवाजा साइटवर पूर्ण लावून दाखवायचा दिवस आला. नशिबानं उजवीकडचा. बिल्डरच्या बाजूनं त्यांचे एक वयस्क एमिराती गृहस्थ आले, पांढरा स्वच्छ पायघोळ कंदुरा, आवाज इतका हळू की ऐकायला पुढं वाकावं लागे. जुन्या काळात मुंबईशी व्यापार केलेलं घर, हिंदी आमच्यापेक्षा बरं. त्यांच्यामागे कन्सल्टंट, आमचा लेबनीज जनरल मॅनेजर, मी, आणि जरा लांब, हेल्मेट हातात घेऊन, काका.

गृहस्थांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी कन्सल्टंटला नाही, मॅनेजरला नाही, मलाच विचारलं, “ये औरत इसको बायें हाथ से रोटी क्यों देती है? इसने क्या किया है?”

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण माणूस मनापासून विचारत होता. त्या माणसाच्या हातून काहीतरी घडल्याशिवाय घरची बाई डाव्या हातानं पाव देणार नाही, हे त्यांना जेवढं उघड दिसत होतं तेवढंच माझ्या आईला दिसलं असतं, वॉचमनला दिसलं असतं, पेशावरच्या रंगाऱ्याला दिसलं होतं. त्यानं नंतर मला सांगितलं, त्याला वाटलं बायको रागावलेली दाखवायचीय. पूर्ण साइटवर डावं-उजवं न कळणारा एकच माणूस होता आणि त्याला त्याबद्दल युनिव्हर्सिटीनं सर्टिफिकेट दिलं होतं.

मी तोंड उघडलं. ऑफिसात माझी ख्याती आहे, हा माणूस तोंडावर बोलतो. एसीचं तापमान, पार्किंग, प्रमोशन, कशावरही मी तोंडावर बोललेलो आहे. त्या क्षणी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

ती रिकामी जागा मॅनेजरनं भरली. “मोल्डिंग मिस्टेक, सर. यू नो, मोल्ड इज ऑलवेज रिव्हर्स. द ओल्ड मॅन फरगॉट.”

आणि सगळ्यांना पटलं! साचा उलटा असतो हे प्रत्येकाला ऐकून माहीत असतं. खोलाचा उंच होतो, उंचाचा खोल, तेव्हा डाव्याचं उजवं होत असेलच. गृहस्थांनी मान हलवली, कन्सल्टंटनं वहीत लिहून घेतलं. काकांना इंग्रजी येत नाही, पण ‘मोल्ड’ आणि ‘ओल्ड मॅन’ एवढं कळतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या वेळी छपराच्या उताराचा अभ्यास करत होतो.

आठवड्याच्या आत शेडमध्ये बातमी फिरली की उस्तादांचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय आणि कंपनी वाढवणार नाही. साठी उलटलेल्या माणसाचे कागद पुन्हा करायला कंपनीनं मनावर घ्यावं लागतं, आणि आमची कंपनी आता म्हणत होती की म्हाताऱ्याची नजर गेली. काकांना अजून दोन वर्षं हवी होती. धाकटी मुलगी अलिबागला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्यांच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. ही माहिती मला आधीपासून होती, कारण फॉर्म भरताना ते माझ्याकडेच आले होते आणि ‘प्रथम पिढी’च्या रकान्यात टिक मीच केली होती.

मी काय केलं? मी तो व्हॉट्सॲप मेसेज उघडून बघितला. पहिल्यांदा हे बघितलं की माझा अंगठा अजून पुसता येतो का. नाही येत. फार दिवस झाले की फक्त आपल्या फोनवरून जातो, समोरच्याकडे राहतो. कुणा हुशार माणसानं ही सोय अशी ठेवलीय देव जाणे.

घरी जेवताना मी बायकोला प्रसंग सांगितला. माझ्या परीनं तोलून सांगितला, म्हणजे कन्सल्टंटनं काय गृहीत धरायला सांगितलं, मिररची प्रथा, गल्फमधली कामाची घाई. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण चूक कुणाची?”

“तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर…”

“म्हणजे तुमची.”

“शिक्का कन्सल्टंटचा आहे.”

“आणि अंगठा?”

मुलगी फोनमधून मान वर न काढता म्हणाली, “सो अंकल इज गेटिंग फायर्ड बिकॉज ऑफ युअर इमोजी?”

“तू जेव.”

“आय ॲम जस्ट आस्किंग.”

“अहो,” बायको भाजी वाढता वाढता म्हणाली, “ती फ्रेम हॉलमध्ये आहे ना, तिच्याखाली बसून त्यांना नर्सिंगचा फॉर्म भरून दिला होतात. चहा मी केला होता. एवढंच आठवलं म्हणून सांगितलं.”

पुण्याची माणसं भांडत नाहीत. एवढंच आठवलं म्हणून सांगतात.

मी आणखी दोन दिवस काढले. रजिस्टर तपासलं, जुन्या मेल तपासल्या, कुठं दुसऱ्या कुणाची थोडीशी तरी चूक सापडते का बघितलं. थोडी थोडी सगळ्यांची होती, पण अशी की तिच्यावर मला पूर्ण झोपता येईल इतकी रुंद कुठलीच नव्हती. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये गेलो. काका एका सिंहाच्या तोंडाला जबडा लावत होते.

“काका, तुमच्याकडे तो मेसेज आहे ना?”

“आहे की.”

“मग दाखवला का नाही मॅनेजरला?”

“त्यांना मराठी कुठं येतं?” ते म्हणाले. मग कोरणी खाली ठेवून म्हणाले, “आणि मी दाखवून काय? शेडमधला माणूस साहेबाची तक्रार घेऊन आला म्हणतील. मला वाटलं तुमचं तुम्ही बघाल. तुम्ही शिकलेले.”

“काका, व्हिसाचं…” मी सुरुवात केली.

“व्हिसाचं राहू द्या साहेब,” ते म्हणाले, आणि मला पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकू आला. “जायचं तर आहेच एक दिवस. पण साचा उलटा टाकला म्हणाले! साचा कधी उलटं करतो का? डाव्या सोंडेच्या मूर्तीवरून साचा घेतला तर डाव्या सोंडेचाच गणपती निघतो. पेणमधलं शेंबडं पोर सांगेल. वीस वर्षं गणपती केले, माझ्या हातून उजव्या सोंडेचा एक निघाला नाही. आणि इथून मी काय नाव घेऊन जाऊ? साचा उलटा टाकणारा?”

शेजारी काम करणारे दोघं तिघं थांबले होते. त्यांना मराठी येत नव्हतं, पण थांबले होते.

मी वर जाऊन मेल लिहिली. इंग्रजीत, साध्या वाक्यांत. उजवीकडचे सहा तुकडे माझ्या ड्रॉइंगप्रमाणेच ओतले गेले. आरसा मी लावला. साच्यामुळे डावं-उजवं बदलत नाही. ओतण्यापूर्वी साचेकारानं ही गोष्ट माझ्या नजरेस आणली होती आणि मी तिकडे लक्ष दिलं नाही. मेल मॅनेजरला, आणि सीसीमध्ये कन्सल्टंट आणि बिल्डरचे ते गृहस्थ. पाठवायचं बटण दाबायच्या आधी मी तीन वेळा स्पेलिंग तपासलं. घराण्यातला पहिला असला की स्पेलिंगची भीती मरेपर्यंत जात नाही.

दहा मिनिटांत बोलावणं आलं.

मॅनेजर रागावलेला नव्हता, त्याला खरंच वाईट वाटत होतं. “हबीबी,” तो म्हणाला, “इंजिनियर चुकला म्हणजे कंपनी चुकली. मोल्डवाला चुकला म्हणजे मोल्डवाला चुकला. इतकं साधं होतं. खलास झालेलं होतं.”

“पण तो चुकला नव्हता.”

“ते मला माहीत नाही का? मी तीस वर्षं मोल्ड बघतोय!” त्यानं हात पसरले. “चूक केलीस, चालेल. कबूल केलीस, तेही चालेल, माझ्याकडे यायचं, दार लावायचं. पण सीसी? सीसी का केलंस?”

गल्फमध्ये मी पुष्कळ वर्षं काढली आहेत आणि हे मला शिकवून सांगावं लागलं नाही. गुन्हा आरशाचा नव्हता, सीसीचा होता.

त्यानंतर सगळं भराभर झालं, म्हणजे इथल्या मानानं. बिल्डरच्या गृहस्थांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं की सत्य सांगितल्याबद्दल आभार, आणि ज्यानं आधी बघितलं त्याच माणसाकडून नवीन करून घ्यावं. ज्यानं बघितलं तो माणूस पुढच्या महिन्यात पेणला असून चालणार नव्हतं. कंपनीनं लगेच मनावर घेतलं. ज्या नजरेबद्दल चिंता होती ती नजर एका दुपारीत सुधारली, चष्मासुद्धा लागला नाही. काकांना व्हिसाच्या मेडिकलला पाठवलं.

कन्सल्टंटनंही मग फ्रान्सला लिहून उजव्या बाजूचा फोटो मागवला, जो तो पहिल्या दिवशी मागवू शकला असता. परांची केव्हाच उतरली होती. फोटो आला तो मी स्क्रीनवर मोठा केला आणि खुर्चीत मागे टेकलो. तिथं पाव नव्हताच. तिथं माणूस परत आलेला होता. खांद्यावर पिशवी, आणि बाईनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरलेला. डावीकडच्या दारातून लोक निघतात, उजवीकडच्या दारातून पोचतात, इतका सरळ विचार होता त्या जुन्या लोकांचा. माझ्या बटणानं बाराच्या बारा दारांतून सगळ्यांना घराबाहेर काढलं होतं आणि परत कुणालाच आणलं नव्हतं. शारजातल्या शेडमध्ये बसून हे मला आपोआप सुचलं, यात नवल नाही.

काकांनी फोटो घेतला, लांब धरून बघितला आणि एवढंच म्हणाले, “दोन्ही हात आहेत. बरं झालं, भानगड नाही.”

माझा हिशेब वेगळ्या पाकिटात आला. वॉर्निंग लेटर. कार्डावरचा ‘सीनियर’ सहा महिन्यांसाठी स्थगित. एचआरच्या मुलीला असलं पत्र लिहायची सवय नसावी, तिनं माझ्याच मेलमधला परिच्छेद उचलून जसाच्या तसा चिकटवला होता आणि खाली ‘कृपया भविष्यात काळजी घ्यावी’ जोडलं होतं. माझ्याविरुद्धचं पत्र माझ्याच इंग्रजीत होतं. स्पेलिंग अर्थातच बिनचूक.

व्हिसा झाला त्या दिवशी चहाच्या सुट्टीत काका माझ्या टेबलापाशी आले. नवीन कार्ड समोर ठेवलं.

“तारीख वाचा.”

मी वाचली. दोन वर्षं.

“बरं.” त्यांनी कार्ड खिशात घातलं. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील, आभार वगैरे, आणि मी ‘अहो, त्यात काय’ म्हणायची तयारी केली. ते म्हणाले, “तुम्हाला पत्र आलंय म्हणे.”

“आलंय.”

“घेऊन चला की खाली.”

“कशाला?”

“त्यात माझं पण लिहिलंय म्हणे.”

मी पत्र घेऊन त्यांच्यामागून शेडमध्ये गेलो. त्यांच्या टेबलावर परत आलेल्या माणसाची माती ओल्या गोणपाटाखाली झाकलेली होती. आजूबाजूला सगळे चहाचे कप घेऊन बसले होते, फवारणीवाले, लोखंडवाले, पेशावरचा रंगारी. काकांनी एक डबा पालथा घातला आणि मला त्यावर बसायला सांगितलं. स्वतः उभे राहिले.

“वाचा. हिंदीत वाचा, सगळ्यांना कळू द्या.”

मी वाचलं. इंग्रजीवरून हिंदी करत, अडखळत. ड्रॉइंग इंजिनियरनं चुकीचं काढलं. साच्यानं बायां-दायां बदलत नाही. ओतायच्या आधी उस्तादनं सांगितलं होतं, इंजिनियरनं ध्यान दिलं नाही. रंगाऱ्यानं मान डोलावली, जणू हे त्यालाच विचारून लिहिलं होतं.

“ती मधली ओळ परत,” काका म्हणाले.

“ढलाई से पहले उस्ताद ने बताया था.”

“हं.”

तेवढ्यात बाहेरून क्रेनवाला आत आला, हात पुसत, आणि त्यानं विचारलं काय चाललंय. काकांनी त्याला शेजारी जागा करून दिली, एक कप चहा हातात दिला, उजव्या हातानं, आणि माझ्याकडे वळले.

“हा उशिरा आला, साहेब. पहिल्यापासून वाचा.”

मी पत्र पुन्हा वर धरलं आणि पहिल्यापासून वाचायला लागलो.